तिला घेऊन जाण्याविषयी

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीत बसूनच घातला, तू पूर्ण धर.) तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला आता बरे असतील, निदान आळीपाळीने तरी.

पत्रास कारण तुझी भाची. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली हे तुला ठाऊक आहेच. पण ते कसं तपासतात, हे तिने कितीदा सांगूनही माझ्या डोक्यात शिरत नाही. नखाएवढी काचेची चिप असते म्हणे, तिच्यात केसाहून बारीक वाटा. त्यांतून थेंबभर पाणी सोडायचं, त्यावर उजेड टाकायचा, आणि पलीकडे पोचलेल्या उजेडावरून पाण्यात काय मिसळलंय ते ओळखायचं. (मी विचारलं, उजेडाला कसं कळतं? ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवून घ्या.)

तर अशी एखादी चिप ती अधूनमधून डबीत घालून घरी आणते, तशी परवाही आणली, सोमवारी परत न्यायची म्हणून. काल कामावर निघताना चपला घालता घालता म्हणाली, की संध्याकाळी आमच्याकडचा एक जण येईल, तो काय मागतो ते नीट ऐकून घ्या. मला वाटलं, चिप. संध्याकाळी एक उंच मुलगा आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला. बराच वेळ पंख्याकडे बघून शेवटी म्हणाला, "काका, तिला घेऊन जावं म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

"ने की," मी म्हणालो. "पण सोमवारी परत आणून दे."

तो पेल्यातल्या पाण्याकडे बघू लागला. जबाबदारीने दबला असेल, म्हणून मी धीर दिला, की याआधीही दोघं घेऊन गेले होते, एकाने तर तडा पाडून परत आणली, तरी आम्ही चकार शब्द काढला नाही. त्याने पेला खाली ठेवला. मग हळूच विचारलं, की तापते का. मी म्हटलं, तापते तर! अशा वेळी पंख्याखाली ठेवायची आणि गार होईपर्यंत वाटेला जायचं नाही. धूळ खपत नाही, कोरडी पडू द्यायची नाही, आणि काम झालं की पुसून डबीत.

तो उठलाच. "सांभाळेन, काका," म्हणाला, "पण डबीत नाही ठेवणार." आणि चिप न घेताच जिना उतरू लागला. कंबर विसरून मी डबी घेऊन मागे धावलो.

मुलगी घरी आल्यावर सगळं सांगितलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं. आत हसते आहे की रडते आहे, ते दाराला कान लावूनही कळेना. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं लग्न ठरवलंत. सोमवारपर्यंत."

तुझा गोंधळलेला,
धाकटा भाऊ

ता. क. रविवारी मुलाचे आईवडील येणार आहेत. मी कशाला हो म्हटलंय, हे मला त्यांच्यासमोर धड सांगता येणार नाही. तिची आई असती तर तिने बोलणं निभावलं असतं. गुडघा कसाही असो, तू ये.

आणखी एक ता. क. हे भावजींना वाचून दाखवू नकोस. जिन्यात मी डबी पुढे केली, तर ती न घेता मुलाने विचारलं, की दिवे गेले की घाबरते का. चिप घाबरत नसते, एवढं मलाही कळतं. तेव्हाच म्हणता आलं असतं, की अरे, माझा घोटाळा झाला. पण मी म्हणालो, हो, लहानपणापासून. आणि डबी खिशात घालून वर आलो.