जोडीनं बसा

३ डिसेंबर
पोचले एकदाची. कोळगावच्या कलेक्टर कचेरीत परवानगीच्या पत्रावर शिक्का घेतला आणि दुपारी माकुणसारच्या पुढचा तो जुना तुरुंग पाहिला. काय इमारत आहे! चार कोठड्या, मध्ये फरसबंद अंगण, सागवानी दारं. पस्तीस वर्षं बंद असूनही एक तुळई वाकलेली नाही. आई सांगलीहून निघताना कुरकुरत होती, तुरुंगात कसली नोकरी करायची. अगं, तुरुंग जतन करायला चाललेय, कुणी डांबायला नेत नाहीये मला. तीन महिन्यांत संग्रहालय उभं करून दाखवते.

५ डिसेंबर
चुन्याच्या कामाला सुका आणि त्याची बायको लाडकी डोंगराकडून आलेत. भात झोडून झालं, आता हात मोकळे. सुका चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतो. मी मापाचा डबा घेऊन प्रमाण विचारत बसले, तर म्हणाला, मॅडम, तुमी कागदावर मोजा, आमी हातानं मोजताव. लाडकीनं त्याला दटावलं. तिला सातवा महिना आहे. बाळंतपणाला गावी घेऊन जाणार, असं त्यानं तिला कबूल केलंय. रोज संध्याकाळी दोघं माकुणसारच्या खोलीवर चालत जातात.

९ डिसेंबर
आज खंडेरावकाका आले. इथले शेवटचे हवालदार, मूळचे खटावकडचे, आता इथलेच झालेत. संध्याकाळी पाचला गिनती कशी व्हायची ते त्यांनी दाखवलं. कैदी अंगणात उकिडवे बसायचे, जोडीजोडीनं. हवालदार माणसं नाही, जोड्या मोजायचा. कैदी विषम असले तर उरलेल्याशेजारी मुकादम बसायचा. एकट्याला कधी बसवायचं नाही, असं काकांनी दोनदा बजावलं.

मला फलकासाठी फोटो हवा होता. म्हटलं, सुका, बस रे दोन मिनिटं. काका नको नको म्हणत होते. मीच हट्ट केला, त्यांच्या डोक्यावर त्यांची जुनी टोपीही घातली. त्यांनी सुकासमोर बोट नेलं आणि म्हणाले, एक जोडी.

मी हसले. काका हसले नाहीत. टोपी काढून चहासुद्धा न घेता निघून गेले. म्हातारपणी सवयी सुटत नाहीत.

१० डिसेंबर
पाच वाजता सुका हातातली थापी ठेवून अंगणात जाऊन बसला. त्याच जागी, उकिडवा. लाडकीनं तीन हाका मारल्या तेव्हा उठला. म्हणतो, काय नाय, जरा टेकलो होतो. अंगण एवढं मोठं, पण तो अंग चोरून उजवीकडे सरकून बसला होता. शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसा.

११ डिसेंबर
सुका घरी गेला नाही. तुरुंगाच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो. मी आणि लाडकीनं दंडाला धरून बाहेर काढला, तर श्वास अडकला, ओठ निळे पडले. आत आणला तसा बरा झाला. पालघरहून डॉक्टर आणले. त्यांनी तपासलं, काही सापडेना, दवाखान्यात न्या म्हणाले. नेणार कसा? उंबऱ्यावर पुन्हा तेच.

लाडकी माझ्याकडे नुसती बघते. मला तिच्याकडे बघवत नाही. फोटोचा हट्ट माझा होता.

१२ डिसेंबर
काकांच्या घरी गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि रडले. तुरुंग बंद व्हायच्या आठवड्यात दोनच कैदी उरले होते. एक दुपारी बसल्या जागी गेला. जेलर रजेवर. कळवलं असतं तर पंचनामा होईपर्यंत घरी जाता आलं नसतं, आणि घरी बायको अडलेली. काकांनी मेलेल्याला भिंतीशी टेकवला, दुसऱ्याला त्याच्याशेजारी बसवलं, एक जोडी लिहिली आणि गेले. मयताची खबर दुसऱ्या दिवशी दिली. शेजारी बसवलेल्या कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, तो सुटला. मेलेल्याला गिनतीतून कमी करायचं मात्र राहिलं.

तो अजून गिनतीत आहे. त्याला जोडीदार हवा होता, आणि मी बसवून दिला.

१३ डिसेंबर
सुका जेवत नाही. डावा हात गार, उजवा ठीक. फोटो मोठा करून पाहिला. सुका एकटाच आहे. पण त्याच्या डाव्या बाहीवर चार बोटांच्या चुण्या—

नाही पाहायचा परत.

१४ डिसेंबर
काका म्हणतात एकच वाट आहे. बदली. मुरलेली जोडी मोडता येत नाही, पण दुसरं माणूस बसलं तर पहिल्याला नावानं उठवता येतं. मग नवी जोडी मुरायच्या आत बसलेल्याला लगेच सुटकेचा हुकूम सांगायचा, तेही नावानं. पूर्वी कधी असं केलंय का, विचारलं. नाही म्हणाले.

लाडकी बसायला निघाली. म्हणे, माजा माणूस हाय, मीच बसतंय. त्या पोटानं? मी तिला दारातून मागं ओढलं. ज्यानं घाण केली त्यानंच काढायची. मी बसणार.

भीती वाटते. खूप वाटते. लिहून ठेवते.

१५ डिसेंबर, पाचला दहा कमी
वही मांडीवर आहे. काही ना काही लिहीत राहायचं, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. काकांनी टोपी घातली. लाडकी उंबऱ्याबाहेर.

सुकाच्या उजवीकडे बसलेय. फरशी गार.

काकांनी त्याचं नाव घेतलं. सुका उठला. चालतोय. उंबरा— ओलांडला! श्वास नीट चाललाय. लाडकीनं त्याला धरलं. देवा, सुटला.

काका मोजतायत. एक जोडी म्हणाले.

आता माझं नाव. ज्ञानेश्वरी म्हणायचंय फक्त.

काका गप्प का आहेत

इकडेतिकडे बघतायत. लाडकीला विचारतायत, मॅडम कुठं गेल्या. सुका म्हणतोय, आता तर हितंच होत्या.

मी समोर आहे. बदलीनं बसले म्हणून मीही आता त्याच्यासारखीच, गिनतीत असून न दिसणारी? ओरडतेय. काका माझ्यावरून नजर फिरवतायत— नाव घ्या काका, दिसत नसले तरी नाव घ्या—

मी उठून गेले असं वाटून ते बाहेर शोधायला निघाले. दार ओढून घेतायत

डावीकडून कुणीतरी सरकून