चहात साखर नाही

दादा,

संगीत नाटकाचं नाव काढलं की तू नाक मुरडायचास. म्हणायचास, "भांडतानासुद्धा गातात! खऱ्या घरात कुणी असं करतं का?"

आपल्या घरात करतात, ऐक. लकव्याने बाबांची वाचा गेल्यापासून मी रोज त्यांच्याजवळ बसून नाटकातली पदं म्हणते. आज नवरा-बायकोच्या भांडणाचं पद म्हणताना मी मध्येच अडले, आणि पुढची ओळ बाबांनी गायली! मग त्याच चालीत ते आईवर उखडले, "चहात साखर नाही!"

जन्मात कधी न गायलेली आपली आई हसत-रडत बेसूर ओरडली, "मिळणारही नाही!"

हे पत्र आता टाकत नाही. फोनच लावते. बाबा स्वतः तुला झापणार आहेत, अगदी तालासुरात.

तुझी जिंकलेली,
धाकटी