गोदूचा पेला

संग्रामपूर

प्रिय संजीवनी,

ज्याच्या कपाटात एकतीस जुने चांदीचे पेले आहेत, त्या तुझ्या नवऱ्याला इथल्या लॉजवर अंगठ्याएवढ्या कागदी कपात चहा देतात. या अन्यायाची तू तरी दखल घ्यावीस. बाकी तब्येत ठणठणीत. आईचे गुडघे काय म्हणतात?

गेल्या साली घेतलेल्या, ‘गोदू’ कोरलेल्या पेल्याचा जोड सापडला. ‘रुक्मी’ कोरलेला तो पेला इथल्या रुक्मिणीबाईंकडे आहे. त्यांनी मला त्यातूनच पाणी दिलं. सौदा करण्यात माझा हात कोण धरणार? पण बाई म्हणाल्या, “नाव घातलेलं भांडं इकत नसतात, बाप्पा. गोदू माही बहीण. तिचा पेला सासरच्यायनं इकला, तवापासून लाजेनं तिनं मले तोंड नाही दाखवलं. तशीच गेली.”

गोदूचा पेला जुळवून पाहायला आणलेला, माझ्या पिशवीतच होता.

बाई चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा तो मी फळीवर रुक्मीच्या शेजारी ठेवला. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून तू खोकल्यासाठी दिलेली खडीसाखर त्यात भरली, आणि चहा न घेताच निघालो.

तुझाच,
प्रल्हाद