मध्यंतरातलं ठिगळ

१२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आपल्या नाट्यगृहाचा पडदा काल सुखरूप पोचला. मॅनेजरकाकांनी तो इतक्या चादरींत गुंडाळला होता की नुसता सोडवण्यात आमची अर्धी सकाळ गेली. तू शेजारणींना आमची प्रयोगशाळा म्हणजे चित्रांचा दवाखाना असं सांगतेस, ते काही खोटं नाही. आसपासच्या लहान संग्रहालयांना, वाचनालयांना, नाट्यगृहांना घरचा तज्ज्ञ ठेवणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांत मिळून हा एक दवाखाना, तोही ना नफा तत्त्वावर. माणसं साडेपाच. अर्धे म्हणजे हिशेबनीस, ते दिवसाआड येतात.

शेजारच्या टेबलावर एका वाचनालयाच्या संस्थापकांचं तैलचित्र आहे. त्यांचे गाल मी सध्या कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून पुसते. हसू नकोस, जुन्या मळावर इतकं सौम्य औषध दुसरं नाही. पडद्याचा रंग मात्र सरसाच्या गोंदात कालवलेला, पाण्याचा थेंबही चालत नाही. तिथे कोरडा स्पंज आणि भरपूर धीर. नदी, पूल, नावाडी सगळे जागेवर आहेत. लहानपणी तो नावाडी मला आपला कुणीतरी मामाच वाटायचा.

मग पडदा पालथा केला आणि तुझं ठिगळ दिसलं. सगळे गोळा झाले. प्रयोग चालू असताना दोर तुटून पडदा कसा फाटला, तू मध्यंतरात शिडीवर चढून दाभणाने तो कसा शिवलास, आणि नायकापेक्षा मोठी टाळी तुला कशी पडली, हे मी अगदी मीठमसाला लावून सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत होत्या.

आता जरा बसून वाच. ते ठिगळ काढावं लागणार आहे. तू मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने शिवलंस, तो दोरा अजून ठणठणीत आहे. पण भोवतालचं कापड म्हातारं झालं, आणि पडदा टांगला की सगळा ताण ठिगळाच्या कडांवर येतो. तिथे चारही बाजूंनी चिरा गेल्या आहेत. आमच्याकडे जुनी दुरुस्ती मालकाच्या होकाराशिवाय उसवत नाहीत. मॅनेजरकाका म्हणाले की पडदा नाट्यगृहाचा असला तरी ठिगळ तुझं आहे, तू हो म्हटल्याशिवाय ते सही करणार नाहीत. तेव्हा चेंडू तुझ्याकडे.

लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तो टिकावा.

तुझी,
ठकू


१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बस म्हणालीस म्हणून मुद्दाम.

त्या संस्थापकांचे गाल थुंकीने पुसतेस हे वाचून बरं वाटलं. तुझं तोंड मी रुमालाला थुंकी लावून पुसायची तेव्हा घर डोक्यावर घ्यायचीस. आता त्याचाच पगार घेतेस, तोही बेताचा.

ठिगळाला हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत एक टाका सुटलेला नाही, हे तूच लिहितेस आणि तूच ते काढायचं म्हणतेस, याला काय म्हणावं? कानामागून आली आणि तिखट झाली. सुईत दोरा ओवायला तुला मी शिकवलं. माझा जन्म लोकांच्या विजारी आखूड करण्यात गेला, त्यात कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्या वाट्याला आली ती एवढी एकच टाळी, आणि ती त्या ठिगळात आहे. मॅनेजर अजूनही नव्या नटांना मला दाखवून सांगतो की याच त्या.

दुकान ठीक आहे. तुझं शिवणाचं मशीन झाकून ठेवलंय, दर रविवारी तेल घालते. कधी येतेस?

राग आहे, पण आशीर्वाद त्याहून जास्त आहेत.

आई


२५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सोबत एका जुन्या अस्तराचा तुकडा पाठवते आहे. पडद्याचा नाही, घाबरू नकोस. कापड पडद्याच्याच वयाचं. त्याला दोन ठिकाणी चीर पाडून शिवली आहे. एक तुझ्या पद्धतीने, मेणाच्या दुहेरी दोऱ्याने, गच्च. दुसरी आमच्या पद्धतीने, केसासारख्या रेशमी धाग्याने, विरळ टाके घालून. दोन्हीकडे जोर लावून ओढ. मी चुकत असेन तर खुशाल सांग, पण ओढून झाल्यावर.

इथला पहिला धडा हाच, की दुरुस्ती मूळ वस्तूपेक्षा कमजोर हवी. ठिगळ तसंच राहिलं तर पडदा टांगता येणार नाही, डागडुजीनंतर नाट्यगृह नव्याने उघडेल ते साध्या कापडावर आणि नावाडी कोठीत गुंडाळून पडेल. काढलेलं ठिगळ मी फेकणार नाही. पेटीत घालून त्यावर तुझी सगळी हकिकत लिहून पडद्यासोबतच परत पाठवीन.

मशीनचं म्हणशील तर आई, मी इथेच राहणार आहे. मला हे काम आवडतं आणि ते मला चांगलं येतं. हे समोरासमोर सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहून सांगते.

तुझ्या रागासकट तुझीच,
ठकू


३ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुकडा ओढला. माझ्या बाजूचं कापड फाटलं. पण शितावरून भाताची परीक्षा मी करत नसते. आणखी चार पाठव. या वेळी चिरा मी पाडीन आणि मीच शिवीन, तुझा रेशमी धागा तेवढा सोबत दे. बाकीचं नंतर.

आई


१६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

चारही तुकडे शिवले आणि ओढले. शेवटचा मॅनेजरला ओढायला लावला, म्हणजे माझ्या हातालाच दोष नको. प्रत्येक वेळी तेच. तुझा धागा तुटला आणि कापड राहिलं. माझा दोरा राहिला आणि कापड गेलं. मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणण्यात माझा जन्म गेला. तुझा धागा म्हणतो, मी तुटेन पण फाडणार नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तुझ्या मशीनशेजारी बसून राहिले. त्या दिवशी मी शिडीवर होते, लोक खाली ओरडत होते, आणि हे पुन्हा फाटू नये एवढंच डोक्यात होतं. म्हणून इतकं आवळलं. जे गमवायचं नसतं ते मी असंच आवळते. तुझ्या बाबतीतही तेच केलं, प्रत्येक पत्रातून.

मॅनेजरला होकार कळवला. माझी अट एकच. टाके मी उसवणार. माझे टाके दुसऱ्या कुणी उसवलेले मला चालणार नाहीत, पोटच्या पोरीनेही. तू शेजारी उभी राहा आणि कापड कसं धरायचं ते सांग. मी ऐकेन. एकदा तरी ऐकून पाहते. तुमच्या बाईंना म्हणावं, बसायला पाठीची खुर्ची ठेवा.

गुरुवारी येते. बारीक कात्री घेऊन येते, बाकी सामान नाही. तुझं मशीन काल नाट्यगृहाच्या कपडेपटात देऊन टाकलं. तेल घालून दिलं.

लोभ असावा. फार आवळून नको, तुटला तर पुन्हा टाका घालता येईल एवढाच.

आई