पाठमोरी ताई

ताई,
रागावलेली असशील, तरी नमस्कार.

आपापला देश सोडून इथे आलेली आम्ही काही माणसं मिळून एक नाटक करतो. ज्याने-त्याने आपलं घर सोडल्याची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ती करून दाखवायची, मागे एकजण व्हायोलिन वाजवतो. नाटक बसवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "निघताना तू 'येते' म्हणालीस. मग ताई काय म्हणाली?"

मी सांगितलं, "'ये' म्हणाली."

खोटं बोलले. तू मोरीत पाठमोरी बसून भांडी घासत होतीस. साधी मान वळवली नाहीस. केवढा हा ताठा, असं मनात म्हणत मी जिना उतरले आणि तो राग एवढी वर्षं जपून ठेवला. पण नाटकातली ताई दर प्रयोगाला 'ये' म्हणायची, आणि तेवढं ऐकायला मी अंगात कणकण असली तरी जायचे.

काल ताई करणारीच आजारी पडली. बाई म्हणाल्या, "आज ताई तूच कर." मी लोकांकडे पाठ करून पातेलं घासायला बसले. व्हायोलिन थांबलं. माझं काम करणारी मुलगी मागून म्हणाली, "ताई, येते मी."

माझ्या तोंडून 'ये' फुटेना. मान वळवली असती तर मी तिला जाऊच दिलं नसतं. पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं, तरी घासत राहिले.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू आता 'ये' म्हणशील. माझे इथले कागद अजून झालेले नाहीत. एकदा निघाले तर परत आत घेणार नाहीत, आणि पोरं इथे शाळेत आहेत.

'येते' म्हणून गेलेली,
तुझी धाकटी