चष्म्यातला हात

प्रिय ठकूबाई,

हाताच्या व्यायामाच्या मशीनचा निकाल तुझ्या फोनवर आला म्हणे! शंभरपैकी शंभर! शाळेत चौथीत नापास होऊन रडत बसलेली तुझी आजी पहिली आली, असं तू ऑफिसभर सांगत सुटलीस. मी हसतेय बघून तुझी आई पोळपाट सोडून बाहेर आली. आणि सोमवारपासून तुझं बाळ दिवसभर माझ्यापाशी! बाई गं, मी तर आत्तापासूनच गाणी आठवायला बसलेय.

पण तुला त्या व्यायामाच्या खोलीची गंमत सांगते. डोळ्यांवर डब्याएवढा चष्मा बांधतात, लकवा झालेल्या डाव्या हाताच्या तळव्याला पट्ट्याने एक कांडी. वेणी घालून जायची सोयच नाही, सगळी विस्कटते. आत सफरचंदांची बाग, आणि हाकलायला माळी नाही. मी हात पुढे केला की चष्म्यातला हात फळ तोडतो. लगेच मशीनमधला तो गोडबोल्या म्हणतो, शाब्बास आजी, फारच छान! तुझ्या आजोबांनी उभ्या संसारात एवढं कौतुक केलं नाही.

व्यायाम घेणारी मुलगी मात्र खडूस. मी तिला चिमणी म्हणते. मंगळवारी तिने मागून माझा खांदा धरला नि म्हणाली, आता तोडा. एक फळ तुटेल तर शपथ! म्हणाली, आजी, तुम्ही अख्ख्या अंगाने झुकता, मशीनला फक्त कांडी पोचलेली दिसते. मग चष्मा नि कांडी काढली, डोळे मिटायला लावले नि म्हणाली, तळव्यावरून कंगवा फिरवते, कसं लागतं सांगा. मी वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, अगं, सुरू कर की. ती म्हणाली, फिरवून झाला, आजी.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. चपला शोधल्या, घरी आले, भात जेवले.

आता मुद्द्याचं. बाळाला सांभाळणाऱ्या बाईंना तू नको म्हणून कळवलंस, असं तुझी आई म्हणाली. त्यांना परत बोलाव. मी बाळाशी बोलेन, उजव्या हाताने थोपटीन, पण माझ्या एकटीच्या हाती देऊ नकोस. काल सराव म्हणून उशी डाव्या हातावर घेऊन, डोळे मिटून गात बसले होते. तुझी आई आली नि म्हणाली, उशी खाली का टाकलीस? मी तर अजून तिला जोजवतच होते.

तुझीच,
आजी