हाडांतली ओल

सिंगापूर, जून २००७

प्रिय आबा,
जय भीम.

पाय चेपणारा म्हणालात ना मला, म्हणा. पण फोन आईच्या हातात कोंबून उठून जायचं, आणि वर 'त्याच्या पैशाला मी हात लावणार नाही' म्हणायचं, हे काय बरोबर नाही. फोनवर तुम्ही ऐकत नाही, म्हणून कागद घेतलाय. हा तरी फेकू नका. धाकट्या प्रीतीकडून वाचून घ्या, ती आईसारखं मधलं गाळायची नाही.

तुमचा राग मला कळतो. गावात आजोबांना पाटलाचे पाय चेपायला बसवायचे, ते बघून तुम्ही गाव सोडलं, अंबरनाथला आलात. आणि तुमचाच पोरगा विमानात बसून परक्यांचे पाय चोळायला गेला. शेजारचे शंकररावकाका तर पोट धरून हसले असतील.

पण इथं काय चालतं ते ऐका. लिम म्हणून एक म्हातारा चिनी वैद्य आहे, त्याचं दुकान. काळे गुळगुळीत दगड गरम पाण्यात तापवायचे, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचे, मग आल्याचं तेल चोळून गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर, कमरेवर फिरवायचे. त्यांच्या वैद्यकीत म्हणे पावसाळी हवेची ओल अंगात शिरते आणि हाडांत ठाण मांडून बसते. दगडाच्या उबेने ती बाहेर काढायची. खरंखोटं लिमलाच माहीत. मी एवढंच बघतो, वाकून आलेला माणूस जाताना जरा सरळ चालतो. आणि मला इथं सगळे शिफू म्हणतात. शिफू म्हणजे उस्ताद. आठवी नापास उस्ताद! हसा की जरा.

पाटील कुणी येत नाही, आबा. येतात ते मासळी धुणारे, हॉटेलात भांडी विसळणारे. परवा कोळंबी धुणारा एक म्हातारा आला. पँट वर केली तर गुडघा नारळाएवढा, पायांची बोटं भिजून पांढरीफटक, चुरगळलेली. दगड माझ्या हातात तसाच राहिला. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यातून तुम्ही घरी यायचात तेव्हा हेच पाय. फक्त तुमचे जीन्सच्या रंगाने निळे असायचे. कधी कुणाला हात लावू दिला नाहीत, आईलासुद्धा नाही. त्या म्हाताऱ्याला मी दुप्पट वेळ चोळत बसलो. लिम ओरडला. ओरडू दे.

आई म्हणाली, हल्ली तुम्ही जिना बसून उतरता. एकेक पायरी, ढुंगणावर. आणि खाली उतरलात की तसेच कामावर. ते ऐकलं आणि झोप गेली माझी, म्हणून हे पत्र. आबा, हा पैसा कुणा पाटलाने फेकलेला नाही. तुमच्यासारख्याच भिजलेल्या माणसांनी, माझ्याकडे बघून, हातात दिलेला आहे. तो घ्या. पाऊस आहे तोवर त्या पाण्यात उतरू नका. शेठने विचारलं तर सांगा, पोरगा ऐकत नाही. जून ते सप्टेंबर, चार महिन्यांचा तुमचा पगार या वर्षी मी भरतोय. चौदा हजार रुपये.

तुमचाच,
भूषण